मेरिट, विल्यम हॅमिल्टन

मेरिट, विल्यम हॅमिल्टन : (३ जुलै १७९३ – ५ जुलै १८६२). कॅनडातील व्यापारी, राजकारणी व ईअरी आणि आँटॅरिओ सरोवरे जोडणाऱ्या वेलँड कालव्याचा प्रवर्तक. जन्म न्यूयॉर्क राज्यातील बेडफर्ड येथे. वडील टॉमस अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढले होते. १७९५-९६ च्या सुमारास हे कुटुंब अपर कॅनडात (आजचे आँटॅरिओ) ट्वेल्व्ह माइल क्रीक या ओढ्याकाठी स्थायिक झाले. ब्रिटन व अमेरिका यांच्यातील १८१२ च्या युद्धात मेरिट नायगारा सीमेवर घोडदळात होता. २५ जुलै १८१४ रोजी लंडीज लेनच्या लढाईत तो पकडला गेला आणि युद्ध संपेपर्यंत मॅसॅचूसेट्समध्ये कैदेत राहिला. सुटकेनंतर मार्च १८१५ मध्ये त्याने कॅथरिन प्रेंडरगास्टशी विवाह केला.

शिपमन्स कॉर्नर्स (आजचे सेंट कॅथरिन्स) येथे त्याने दुकान काढले. त्याला जोडून लाकूड कापण्याची व पिठाची गिरणी, मद्याची व पोटॅशची भट्टी आणि खाऱ्या झऱ्यावर मिठाचा कारखाना असा पसारा वाढवला. १८१९ च्या सुमारास युद्धोत्तर मंदीने तो कर्जात बुडाला.

कालव्याच्या कल्पनेचा उगम : युद्धकाळात नायगारा नदीकाठी गस्त घालताना मेरिटला ही कल्पना सुचली, अशी परंपरागत समजूत आहे. मुलाने लिहिलेल्या चरित्रातून (१८७५) ती रूढ झाली. तिला प्रामुख्याने नंतरच्या आठवणींचाच आधार असल्याने ती जपून घ्यावी लागते. शिवाय नायगारा धबधब्याला वळसा घालणाऱ्या जलमार्गाची चर्चा अठराव्या शतकाच्या अखेरीसच सुरू झाली होती. उन्हाळ्यात ओढा आटला की मेरिटच्या गिरण्या बंद पडत. वेलँड नदीचे पाणी चर खणून ओढ्यात आणावे, हा त्याचा पहिला हेतू दिसतो. १८१८ मध्ये उसन्या समतलमापकाने शेजाऱ्यांसह केलेली पाहणी या मताला पुष्टी देते. नदी व ओढा यांच्या मधल्या उंचवट्याची उंची त्यांनी सुमारे ३० फूट धरली. ती जवळपास दुप्पट निघाली. गिरणीच्या चराचा जहाजांचा कालवा होण्यामागे न्यूयॉर्कच्या ईअरी कालव्याची (१८१७–२५) धास्ती होती. तो पुरा झाल्यावर वरच्या सरोवरांचा व्यापार माँट्रिऑलकडे न जाता न्यूयॉर्ककडे वळणार, हे उघड होते.

बांधकाम : जानेवारी १८२४ मध्ये वेलँड कालवा कंपनीला सनद मिळाली. भांडवल ४०,००० पौंड ठरले. पुढच्याच वर्षी ते २ लाख पौंड करावे लागले. भागधारकांत न्यूयॉर्कचा जॉन बी. येट्स प्रमुख होता. मूळ आराखड्यात फक्त होड्या जातील असा कालवा, उंचवट्यातून बोगदा आणि कड्यावर उतरता लोहमार्ग होता. ही योजना टाकून शिडाची गलबते जातील असा कालवा ठरला. ३० नोव्हेंबर १८२४ रोजी अ‍ॅलनबर्ग येथे खोदाईचा प्रारंभ झाला.

ईअरी व आँटॅरिओ सरोवरांच्या पातळ्यांत सुमारे ९९ मी.चा फरक आहे. तो चढण्यासाठी लाकडी जलपाश (पाण्याची पातळी वाढवून-घटवून गलबत वर-खाली नेणारी दारबंद कुंडे) बांधले (११० फूट लांब, २२ फूट रुंद, ८ फूट पाणी). एकेका जलपाशात गलबत सरासरी आठेक फूट वर चढे. खरी अडचण मात्र उंचवट्यातील ‘डीप कट’ या सुमारे ३ किमी. लांबीच्या खोल खोदाईत आली. तळ वेलँड नदीच्या पातळीखाली नेऊन तिचेच पाणी कालव्यात घ्यायचे होते. चिकणमातीखाली वाळूचा थर होता. नोव्हेंबर १८२८ मध्ये पावसानंतर काठ ढासळले आणि तितके खोल जाणे अशक्य ठरले. तळ वर घ्यावा लागला. मग पाणीही अधिक उंचावरून आणणे भाग पडले. त्यासाठी ग्रँड नदीवर डनव्हिल येथे धरण बांधून सुमारे ४३ किमी. लांबीचा पुरवठा कालवा एका हंगामात खणला. तो लाकडी जलसेतूवरून वेलँड नदी ओलांडत असे. ३० नोव्हेंबर १८२९ रोजी ‘अ‍ॅनी अँड जेन’ व ‘आर. एच. बाउटन’ ही गलबते निघाली व २ डिसेंबरला बफलोला पोचली.

या मार्गाचा शेवटचा टप्पा नायगारा नदीतून प्रवाहाविरुद्ध असे. तो टाळण्यासाठी १८३३ मध्ये कालवा थेट ईअरी सरोवरावरील पोर्ट कोलबर्नपर्यंत नेला. तेव्हा लांबी सुमारे ४४ किमी. व जलपाश ४० झाले. लाकूड लवकर कुजू लागले आणि दुरुस्तीने उत्पन्न खाल्ले. अखेर १८४१ मध्ये कालवा शासनाकडे गेला. १८४० च्या दशकात त्याजागी २७ दगडी जलपाशांचा दुसरा कालवा झाला. ग्रँड नदीचे पाणी १८८१ पर्यंत वापरात होते.

डनव्हिलच्या धरणाने सिक्स नेशन्स या मूलनिवासी राष्ट्रांची जमीन पाण्याखाली गेली. पुढे मेरिट अग्रभागी असलेल्या ग्रँड रिव्हर नॅव्हिगेशन कंपनीत त्यांचा विश्वस्त निधी त्यांच्या संमतीविना गुंतवला गेला व कंपनीबरोबर तोही बुडाला. जुनी गौरवपर चरित्रे हा भाग झटकन ओलांडतात.

राजकारण : १८३२ मध्ये तो हॅल्डिमंडमधून अपर कॅनडाच्या विधानसभेत निवडून आला. कालव्याला सरकारी कर्जे मिळवणे हेच त्याच्या तेथील कामाचे मुख्य सूत्र होते. विरोधक विल्यम लायन मॅकेंझी याने १८३५ मध्ये संचालक या नात्याने कंपनीचे हिशेब तपासून गैरव्यवहाराचे आरोप केले. चौकशीत हिशेबांतील ढिसाळपणा आढळला. मेरिटने अपहार केल्याचे मात्र सिद्ध झाले नाही. १८४८–५० मध्ये बॉल्डविन-लाफाँतेन मंत्रिमंडळात तो कार्यकारी परिषदेचा अध्यक्ष आणि नंतर १८५१ पर्यंत सार्वजनिक बांधकाम खात्याचा मुख्य आयुक्त होता. अमेरिकेशी परस्पर सवलतीच्या व्यापाराचा त्याने दीर्घकाळ पुरस्कार केला (तसा करार १८५४ मध्ये झाला). नायगारावरील पहिला झुलता पूल (१८४८) उभारणाऱ्या कंपनीच्या कॅनडाकडील बाजूचाही तो अध्यक्ष होता. १८६० मध्ये तो विधानपरिषदेवर निवडून आला. प्रकृतीसाठी समुद्राकडे जात असताना कॉर्नवॉल येथे बोटीवर त्याचे निधन झाले.

आज सेंट कॅथरिन्सचा भाग असलेले मेरिटन त्याच्या नावाचे आहे. ब्रिटिश कोलंबियातील मेरिट हे शहर मात्र त्याच्याच नावाच्या नातवावरून ओळखले जाते.