ओझोनला भोक पडलंय, पण ते मोजतं कोण?

एप्रिल उजाडला की जळगाव-भुसावळची नावं राज्याच्या बातम्यांत झळकायला लागतात. पारा ४४ वर, मग ४५ वर. आणि त्यासोबत एक निदानही दरवर्षी ठरलेलं असतं. धुळ्यातल्या चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, एसटीच्या रांगेत कुणी ना कुणी म्हणतंच, "ओझोनले भोक पडी गयं ना भाऊ, म्हनीसन इतलं तपी ऱ्हायनं!"

या वाक्यात दोन गोष्टींची गाठ मारलेली आहे, आणि त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. खान्देश तापतो तो तापीच्या खोऱ्यामुळे. वर सातपुडा, खाली अजिंठ्याची रांग, मधला प्रदेश समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे-अडीचशे मीटर उंचीचा, समुद्र दूर, मे महिन्यात कापसाची शेतं उघडी आणि काळी जमीन भट्टीसारखी तापलेली. जळगावचं अक्षांश २१ अंश उत्तर, त्यामुळे २५-२६ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. ओझोन अडवतो ते अतिनील किरण. त्यातल्या ज्या पट्ट्याला ओझोन कमी-जास्त झाल्याने फरक पडतो, त्याचा जमिनीवर पोचणाऱ्या एकूण सौरऊर्जेतला वाटा एक टक्काही नाही. तो वाढला तर कातडी आणि डोळे यांची चिंता करावी लागते, पण त्याने पारा चढत नाही. शिवाय भोक आहे अंटार्क्टिकावर, आणि तेही सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या आसपास. भारतावरचा ओझोन वर्षातला सर्वांत पातळ असतो हिवाळ्यात. म्हणजे टपरीवर वरचं वाक्य बोललं जातं त्या मे महिन्यात आपल्या डोक्यावर डिसेंबरपेक्षा जास्त ओझोन असतो.

आता कुणी विचारेल, हे तुम्हाला कसं ठाऊक? वर जाऊन बघितलं का? हा प्रश्न मला फार आवडतो, कारण याचं उत्तर विज्ञानातल्या सर्वांत देखण्या उपकरणांपैकी एका उपकरणात आहे. आणि ते उपकरण वर जातच नाही.

ऑक्सफर्डच्या गॉर्डन डॉबसन यांनी १९२०च्या दशकात ओझोन मोजायला सुरुवात केली. आपल्या डोक्यावरचा सगळा ओझोन गोळा करून जमिनीवरच्या दाबाला आणि शून्य अंश तापमानाला आणला, तर त्याचा थर होईल फक्त तीन मिलिमीटरचा. त्यालाच आपण ३०० डॉबसन एकक म्हणतो. भारतावर तो साधारण अडीच ते तीन मिलिमीटर असतो. पन्नास किलोमीटर उंचीपर्यंत विखुरलेला हा तीन मिलिमीटरचा ऐवज जमिनीवर बसून मोजायचा, तोही दोन-चार टक्क्यांच्या अचूकतेने. कसा?

ओझोनचा एक विशेष गुण आहे. ३०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश तो भरपूर गिळतो, पण ३२५ नॅनोमीटरचा जवळजवळ सोडून देतो. ओझोन २७० एकक असेल आणि सूर्य डोक्यावर असेल, तर निव्वळ ओझोनचा विचार करता ३०५ नॅनोमीटरच्या प्रकाशाचा तीस टक्क्यांच्या आसपास भाग खाली पोचतो, तर ३२५चा नव्वद टक्क्यांहून जास्त. मग फक्त ३०५चा प्रकाश मोजला तर? तर तो कमी का झाला हे कळत नाही. ओझोनमुळे, धुळीमुळे, पातळ ढगामुळे की यंत्राच्या काचेवर बसलेल्या थरामुळे? डॉबसन यांनी दोन्ही मोजले, आणि दोन्हींचं फक्त गुणोत्तर घेतलं. काच मळकी असेल तर ती दोन्हींना जवळपास सारखीच मंद करते, गुणोत्तर तसंच राहतं. गुणोत्तर बिघडवतो तो मुख्यतः ओझोन.

यंत्राची रचना अशी: सूर्यप्रकाश फटीतून आत येतो, क्वार्ट्झचा लोलक त्याचा पट्टा पसरवतो, दोन अरुंद फटी त्यातून हव्या त्या दोनच तरंगलांबी निवडतात. एक फिरती चकती त्यांना आळीपाळीने संवेदकावर सोडते. ३२५चा प्रकाश जास्त तेजस्वी असतो, म्हणून त्याच्या वाटेत एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे काळपट होत गेलेली काच सरकवायची. दोन्ही प्रकाश समान झाले की काटा शून्यावर थांबतो. मग काच किती सरकवली तेवढं तबकडीवर वाचायचं. जळगावच्या सराफाला तोळा म्हणजे नेमके किती अणू हे माहीत असण्याची गरज नसते, काटा मधोमध आला की झालं. डॉबसनचं यंत्र तसंच. संवेदक जुना होऊन मंदावला तरी दोन्ही पारड्यांना सारखाच मंदावतो.

पण धूळ? धूळ दोन तरंगलांबींना अगदी सारखी अडवत नाही, थोडा फरक राहतो, आणि खान्देशच्या उन्हाळी आकाशात धूळ काही थोडीथोडकी नसते. त्यावर तोड म्हणजे आणखी एक जोडी, ३१७ आणि ३४० नॅनोमीटरच्या आसपासची. पहिल्या जोडीच्या फरकातून दुसऱ्या जोडीचा फरक वजा करायचा. धुळीचा परिणाम दोन्ही जोड्यांत जवळपास समान असल्याने तो गळून पडतो, उरतो ओझोन. ही धूळ भारतीय संशोधकांनाही नडत होती. के. आर. रामनाथन आणि आर. व्ही. करंदीकर यांनी धूळ आणि धुरक्याचा डॉबसनच्या मोजमापावर होणारा परिणाम १९४९ साली शोधनिबंधात मांडला होता.

आता सर्वांत सुंदर भाग. वातावरणाने गुणोत्तर किती बदललं हे कळायला, वातावरणात शिरण्याआधी ते किती होतं हे माहीत हवं. १९२०च्या दशकात तर अवकाशात जाण्याची सोय नव्हती. त्यावरची युक्ती अशी: सकाळी सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा त्याचा किरण तिरका, हवेतली वाट लांब. सूर्य वर चढेल तशी वाट आखूड होत जाते. दिवसभर मोजत राहायचं, गुणोत्तराचा लॉगॅरिदम उभ्या अक्षावर आणि वाटेची लांबी आडव्या अक्षावर मांडायची. आकाश निवळ असेल आणि ओझोन दिवसभर स्थिर असेल, तर बिंदू एका सरळ रेषेत बसतात. डोक्यावरच्या सूर्याची वाट धरली १, म्हणजे त्याहून आखूड वाट पृथ्वीवर मिळणारच नाही. तरी पट्टी ठेवून रेषा पुढे वाढवायची, वाटेची लांबी शून्य होईपर्यंत. तिथे रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते, तो आकडा म्हणजे हवेच्या बाहेरच्या सूर्याचं गुणोत्तर. रेषेच्या उतारावरून मिळतो ओझोन. पृथ्वी न सोडता वातावरणाबाहेरचं माप! याला लँगली आलेख म्हणतात, आणि मला तो पाहिला की अजूनही थक्क व्हायला होतं.

हे काम भुसावळला करता येणार नाही. सकाळी निवळ असलेलं आकाश दहा वाजता पांढुरकं होतं, रेषा वाकते, आणि शून्यावरचा आकडा भलतंच काही सांगतो. म्हणून जगाचं प्रमाण मानलेलं ८३ क्रमांकाचं डॉबसन यंत्र हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर, ३,३९७ मीटर उंचीच्या वेधशाळेत नेऊन तपासतात. बाकी देशांची यंत्रं मग त्याच्याशी किंवा त्याच्याशी जुळवलेल्या यंत्राशी शेजारी ठेवून ताडून बघतात. भारतीय हवामान खातंही या जाळ्यात आहे, आणि पुण्यासारख्या ठिकाणांहून फुग्यांना यंत्र बांधून उंचीनुसार ओझोन मोजला जातो.

या कंटाळवाण्या नोंदींचं मोल १९८५ साली कळलं. अंटार्क्टिकातल्या हॅले या ब्रिटिश तळावर १९५०च्या दशकापासून डॉबसन यंत्र चालू होतं. ऑक्टोबरमधली सरासरी आधी ३०० एककांच्या आसपास असायची, १९८४ पर्यंत ती २००च्या खाली घसरली. फारमन, गार्डिनर आणि शँक्लिन यांनी ते मे १९८५ मध्ये 'नेचर'मध्ये छापलं. जपानच्या स्योवा तळावरचे चुबाची यांनीही असेच कमी आकडे १९८४ मध्येच मांडले होते, पण त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. यावरून एक किस्सा रंगवून सांगतात की नासाच्या संगणकाने उपग्रहाचे कमी आकडे फेकूनच दिले होते. फेकले नव्हते. १८० एककांखालच्या नोंदींवर 'संशयास्पद' अशी खूण होत असे, शास्त्रज्ञांनी त्या पाहिल्याही, पण पडताळायला घेतलेली दक्षिण ध्रुवावरच्या डॉबसनची नोंद नेमकी चुकीची निघाली. उपग्रहाला खरं ठरवायलाही शेवटी जमिनीवरचा कुणीतरी नीट मोजणारा लागतो.

इथे थोडं विषयांतर करतो. तुपाची आहुती दिली की ओझोनचं भोक बुजतं, असा निरोप दर दोन महिन्यांनी मोबाईलवर येतो. तूप जाळलं की कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि काजळी होते. वीस किलोमीटरवर ओझोन मोडणाऱ्या क्लोरीनला त्याचा पत्ताही लागत नाही. पण फक्त श्रद्धाळूंना हसण्यात अर्थ नाही. एप्रिल २०२० मध्ये आर्क्टिकवरचं भोक मिटलं तेव्हा 'लॉकडाऊनमुळे ओझोन बरा झाला' असं शिकलेल्या लोकांनीच पसरवलं. ध्रुवाभोवतीचा थंड हवेचा भोवरा त्या वर्षी विलक्षण बळकट होता म्हणून भोक पडलं आणि तो मोडला म्हणून मिटलं. गाड्या बंद होत्या की चालू, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

क्लोरीन तिथे पोचतो तो सीएफसी म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंमधून, जे पूर्वी फ्रीजमध्ये आणि फोम बनवायला वापरले जात. जेम्स लव्हलॉक यांनी बनवलेल्या अतिसंवेदनशील संवेदकाने १९७१-७२च्या समुद्रप्रवासात हवेत सगळीकडे सीएफसी-११ सापडला. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी त्यातला धोका सांगितला, १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला. आणि १९७८ पासून टास्मानियाचं केप ग्रिम, बार्बाडोस, सामोआ, तर १९८७ पासून आयर्लंडचं मेस हेड अशा किनाऱ्यांवर हे वायू सतत मोजले जात आहेत. प्रमाण किती? एक लाख कोटी रेणूंमागे सीएफसी-११चे रेणू १९९०च्या दशकात सुमारे २७० होते, आता २२०च्या जवळपास आहेत. हा वायू हवेत सरासरी पन्नासेक वर्षं टिकतो, म्हणून घट इतकी सावकाश.

एवढ्या बारीक मोजणीने चोर पकडला जातो, हे २०१८ मध्ये दिसलं. २०१० पासून सीएफसी-११चं उत्पादन जगभर बंद असताना, २०१२ नंतर घट अपेक्षेपेक्षा मंदावली होती. अमेरिकी गटाने हिशेब मांडला की कुठूनतरी वर्षाला सुमारे १३,००० टन जादा बाहेर पडतोय, बहुधा पूर्व आशियातून. मग दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरचं गोसान आणि जपानचं हातेरुमा इथल्या नोंदी उघडल्या. तिथे वारा एका बाजूने आला की हवा स्वच्छ, दुसऱ्या बाजूने आला की आकडा उसळतो. प्रत्येक उसळीच्या वेळची हवा आदल्या दिवसांत कुठून फिरत आली, हे वाऱ्यांच्या नोंदींवरून उलटं काढता येतं. २०१९ मध्ये उत्तर आलं: वाढीचा मोठा भाग, वर्षाला सुमारे ७,००० टन, पूर्व चीनमधून, मुख्यतः शांडोंग आणि हेबेई प्रांतांतून. फोम बनवायला तो वापरला जात असावा, असा कयास होता. २०२१ पर्यंत उत्सर्जन पुन्हा खाली आल्याचं त्याच केंद्रांनी नोंदवलं.

आपल्याकडे याचा धागा येतो तो एसीच्या 'गॅस'मधून. जुन्या एसीतला आर-२२ ओझोनला थोडा तरी मारक. नव्यांतले आर-४१०ए किंवा आर-३२ ओझोनला निरुपद्रवी, पण उष्णता अडवून धरण्यात तरबेज. एक किलो आर-४१०ए हवेत सोडला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. मेकॅनिक नळी उघडून उरलेला गॅस फुस्स करून सोडून देतो, तेव्हा हे लक्षात असू द्या. वाळ्याच्या ताट्या लावलेल्या आपल्या खान्देशी कूलरमध्ये यातला कोणताच गॅस नसतो, पाणी मात्र लागतं, आणि मे महिन्यात तेच नसतं. २०१६च्या किगाली दुरुस्तीनुसार या नव्या वायूंची वाढ भारतात २०२८ मध्ये थांबवायची आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात करायची आहे.

ओझोनचा थर १९८०च्या पातळीला परत येईल तो बहुतेक जगावर २०४०च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर २०६६च्या सुमारास, असा २०२२च्या आंतरराष्ट्रीय अहवालाचा अंदाज आहे. त्यातली एक अडचण भंगारवाल्याच्या वखारीत पडून आहे. जुन्या फ्रीजच्या भिंतींतल्या पिवळट फोममध्ये सीएफसी-११ कोंडलेला असतो. पत्रा काढायला फ्रीज फोडला की तो हळूहळू बाहेर येतो. उत्पादन शून्यावर आलं तरी हवेत भर पडत राहते ती यामुळे. असा किती फोम जगभर शिल्लक आहे आणि तो वर्षाला किती गळतो, याचे अंदाज एकमेकांशी नीट जुळत नाहीत. चोरीचा आकडा काढताना ही गळती एकूण उत्सर्जनातून वजा करावी लागते, आणि सर्वांत जास्त वाद झाला तो याच वजाबाकीवर.