सतत तपासत राहिलं की विश्वास का बसत नाही

फसवणूक किंवा रोजचा अपमान सोसून नात्यातून बाहेर पडलेल्या माणसाला नव्या जोडीदाराने मेसेजला उत्तर दिलं नाही, एवढ्यानेही धडधडतं. लोक त्याला संशयी म्हणतात, आणि हा मोठा अन्याय आहे. मेंदूतल्या अमिग्डाला या भागाने तो अबोला, ती आवाजाची पट्टी धोक्याची खूण म्हणून साठवलेली असते.

ही साठवण पुसली जात नाही. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हने कुत्र्यांवरच्या प्रयोगात पाहिलं होतं, की खुणेनंतर दर वेळी अन्न दिलं की नुसत्या खुणेनेही लाळ सुटते; मग खुणेनंतर अन्न देणं बंद केलं तर लाळ सुटणं थांबतं, पण मध्ये काही काळ गेला की तीच खूण पुन्हा लाळ आणते. जुनं शिकणं तसंच राहतं, त्याच्यावर नवं शिकणं बसतं. हे नवं शिकणं कधी होतं? मनाने केलेलं भाकीत खोटं ठरतं तेव्हा.

म्हणून भाकीत आधी कागदावर लिहावं, अगदी नेमकं: ‘शनिवारी भेटायला नको म्हटलं, तर तो दोन दिवस बोलणार नाही. खात्री शंभरात ८०.’ मग खरंच नको म्हणावं. लगेच माफी मागू नये, ‘रागावलास का?’ असं विचारू नये, ‘लास्ट सीन’ बघू नये. सोमवारी प्रत्यक्षात काय झालं ते खाली लिहावं.

बहुतेकांचं इथेच बिनसतं. तपासणी केली आणि काही वाईट घडलं नाही, तर श्रेय तपासणीला जातं, समोरच्या माणसाला नाही. भीती तशीच राहते आणि उद्या पुन्हा फोन हातात घ्यावा लागतो.

भाकीत खरं ठरलं, तर तीही महत्त्वाची माहिती आहे. असं वारंवार होत असेल तर पुढची, मोठी पायरी चढू नये, म्हणजे याहून जास्त जोखमीचं भाकीत तपासायला जाऊ नये. मारहाण, धमक्या किंवा पैशांची अडवणूक असेल तिथे हा सराव मुळीच करायचा नाही. तिथली भीती योग्यच आहे. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. मानसिक आधारासाठी कुणालाही टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करता येतो.

मन मोकळं करायला लिहा, हा सल्ला सर्रास दिला जातो. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ मधल्या अभ्यासात लोकांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटं लिहिलं होतं. पण २०१३ मध्ये डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांना विभक्त झालेल्यांमध्ये वेगळं दिसलं. ‘असं का झालं?’ याचा अर्थ शोधण्यात जे आधीच गुंतले होते, त्यांना भावना उकरणाऱ्या लिखाणाने उलट त्रास झाला. दिवसभरात काय केलं एवढंच लिहिणारे त्यांच्यापेक्षा बरे राहिले. विचार त्याच जागी फिरत असतील, तर दिनक्रम लिहा.

नवं शिकणं जागेला आणि प्रसंगाला चिकटून राहतं. घरी बसलेला विश्वास प्रवासात किंवा सासरच्या कार्यक्रमात डळमळतो. म्हणून हाच सराव मैत्रीण, भाऊ, सहकारी अशा वेगवेगळ्या माणसांबरोबर, वेगवेगळ्या ठिकाणी करावा. महिन्यांनंतर जुनी धडधड परत आली, तर ती जिथे आली तिथलंच नवं भाकीत लिहून पुन्हा छोट्या पायरीपासून सुरुवात करावी.