जनसुनावणी झाली म्हणजे ग्रामसभेची संमती मिळाली का?

खाणीचा प्रकल्प यायचा असला की गावाबाहेर मांडव पडतो. टेबलामागे अधिकारी, बाजूला कंपनीचा पडदा, मागे पोलीस. दुसऱ्या दिवशी तालुक्यात बोललं जातं, "ग्रामसभा झाली, लोकांनी होकार दिला." बहुतेक वेळा ती ग्रामसभा नसतेच. ती जनसुनावणी असते, आणि या घोळात गावाचा खरा हक्क हातून निसटतो.

जनसुनावणी येते पर्यावरण (संरक्षण) कायद्याखालच्या 14 सप्टेंबर 2006 च्या ईआयए (पर्यावरणीय परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेतून. ती राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी असतात. किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते. पण गणपूर्तीची अट नाही आणि मतदानही नाही. दहा माणसं आली तरी सुनावणी झाली, हजारांनी विरोध केला तरी मंजुरी मिळू शकते. तिथे फक्त हरकती नोंदवल्या जातात. निर्णय पुढे तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवर होतो.

म्हणून सुनावणीत नुसतं "प्रकल्प नको" म्हणून खाली बसू नये, असं मला कळकळीने वाटतं. कंपनीने मांडलेल्या पर्यावरण परिणाम अहवालात ज्या ओढ्याला हंगामी म्हटलंय तो मे महिन्यातही वाहतो आणि गावाची विहीर त्यावरच भरते, हे लेखी द्यावं, पोच घ्यावी. अंतिम अहवालात कंपनीला अशा मुद्द्यांची दखल घ्यावी लागते. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं. तोवर अर्धा मांडव रिकामा झालेला असतो. तेवढा वेळ थांबावं.

ग्रामसभेच्या संमतीचं मूळ वनहक्क कायदा, 2006 मध्ये आहे. या कायद्याखाली प्रश्न वनजमिनीचा असेल तेव्हा ती लागू होते. 3 ऑगस्ट 2009 च्या केंद्राच्या परिपत्रकाने वनजमीन दुसऱ्या कामाला देण्याआधी ग्रामसभेची संमती मागितली. वनहक्कांच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात, त्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. ही ग्रामसभा म्हणजे गावातले, पाड्यातले सगळे प्रौढ. सरपंच आणि सदस्यांनी मासिक सभेत केलेला ठराव तिची जागा घेऊ शकत नाही.

याचं वजन किती असतं ते ओडिशातल्या नियमगिरीने दाखवलं. तिथले डोंगरिया कोंध आदिवासी हा डोंगर आपल्या देवाचा, नियमराजाचा मानतात, आणि त्याच्या माथ्यावरचं बॉक्साइट (ॲल्युमिनियमचं खनिज) पायथ्याच्या लांजीगडच्या कारखान्याला हवं होतं. 18 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला. राज्य सरकारने 12च गावं निवडली, बाकीची कितीतरी बाहेर राहिली, याचा लोकांना राग होता. जुलै-ऑगस्टमध्ये डोंगरावरच्या वस्त्यांत एकेक सभा भरली, जिल्हा न्यायाधीश निरीक्षक म्हणून समोर बसले. बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला, आणि जानेवारी 2014 मध्ये केंद्राने खाणीला मंजुरी नाकारली.

आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही तिथली घोषणा अनेकांनी ऐकली असेल. मला मोलाचं वाटतं ते हक्काचा कागद आधी हातात असणं. हक्क नोंदलेलाच नसेल तर "इथे कुणाचे वनहक्क नाहीत" असा दाखला सहज तयार होतो.

2022 च्या वन संवर्धन नियमांनी क्रमही बदलला. आता केंद्राची मंजुरी आधी, आणि वनहक्कांची पूर्तता झाली का हे राज्याने नंतर पाहायचं. वनहक्क कायदा मात्र तसाच आहे. त्यामुळे हजेरीच्या कोऱ्या पानावर सही किंवा अंगठा देऊ नये. आधी ठराव लिहून, मोठ्याने वाचून घ्यावा, सह्या त्याच पानावर कराव्यात आणि प्रत त्याच दिवशी गावात ठेवून घ्यावी.