जांभळ्या गवताला ऊन भरपूर, खत बेताचं

ऊस हे गवतच, त्यामुळे कोल्हापूरकराला गवताची जात ओळखीची असते. फुटवे, खोडवा, पाचट हे शब्द बागेतल्या रंगीत गवतांनाही लागू पडतात. चूक होते ती एकाच ठिकाणी: त्यांनाही उसासारखं खत घातलं जातं.

पर्पल फाउंटन ग्रास घ्या. हे बाजरीच्या नात्यातलं, तीन-साडेतीन फूट उंच, गर्द जांभळ्या पानांचं, मऊ लोंबत्या तुऱ्यांचं गवत. त्याचा रंग अँथोसायनिनचा. जांभळात आणि कोकमात असतात ती याच गटातली रंगद्रव्यं. कडक उन्हात पानाला पेलवेल त्याहून जास्त प्रकाश मिळतो, तेव्हा हे रंगद्रव्य हरितद्रव्यावर पडद्यासारखं काम करतं. सावलीत पडदा लागतच नाही, म्हणून आंब्याखाली लावलेलं गवत हळूहळू हिरवट पडतं. युरिया टाकला तरी तेच: नत्रामुळे हिरवी वाढ जोरात होते, रंग फिका पडतो आणि पहिल्याच वळवात अख्खा ठोंब लोळतो. रोज किमान सहा तास ऊन आणि लागणीच्या वेळी दोन ओंजळी शेणखत, एवढं पुरे.

शेणखत मात्र पूर्ण कुजलेलं हवं. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीच्या अळ्या येतात आणि मुळं खातात. पाणी असूनही ठोंब सुकत असेल तर तो हलवून पाहा. अलगद उपटून हातात आला तर खाली पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी सापडेल.

पंचगंगेकाठच्या काळ्या मातीत जुलै-ऑगस्ट जड जातात. माती पाणी धरते, मुळांना हवा मिळत नाही, बुडखा कुजतो. तिथं फूटभर उंच वाफा करा: दोन पाट्या माती, एक पाटी जाड वाळू. पन्हाळ्याकडच्या तांबड्या मुरमाड जमिनीत निचऱ्याची चिंता नाही. उन्हाळ्यात पाचटाचं दोन इंच आच्छादन घाला. दोन ठोंबांत अडीच फूट अंतर ठेवा.

पांढऱ्या पट्ट्यांच्या गवतांत अधूनमधून निव्वळ हिरवा फुटवा येतो. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे हिरवा फुटवा जास्त अन्न बनवतो आणि पट्टेदारांना मागं टाकतो. दिसला की मुळासकट काढा, वरून कापून भागत नाही. निळसर फेस्क्यूवर मात्र पैसे घालू नयेत. ते थंड हवेचं गवत, इथल्या पावसाळ्यात मधूनच कुजतं.

फेब्रुवारीअखेर ठोंब सुतळीनं आवळून बांधा आणि जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घाला, पानाची धार उसाच्या पाल्यासारखीच कापते. नवे फुटवे बाहेरच्या अंगाला येतात, म्हणून साधारण तीन वर्षांनी ठोंब मधून पोकळ होतो. पहिला पाऊस झाला की पहारीनं तो उचलून कुऱ्हाडीनं फोडा. मधला वाळका भाग टाकून द्या, कडेचे पाच-सहा फुटव्यांचे तुकडे मुळांसकट लावा. बुडखा जमिनीबरोबर राहू द्या. खोल गाडला तर पावसात कुजतो. जांभळी जात सहसा बी धरत नाही, तेव्हा तिच्या नावाची बियांची पाकिटं घेण्यापेक्षा शेजाऱ्याकडून असा एक तुकडा मागून आणा.