वेलिंग्टन हाऊसची पार्श्वभूमी

खोटं सांगितलं की प्रोपगंडा आणि खरं सांगितलं की साधं मन वळवणं, अशी आपली ढोबळ समजूत असते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने जे केलं ते पाहिलं की ती टिकत नाही.

ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या. दिनां शहरात त्यांनी साडेसहाशेहून अधिक नागरिक मारले, लूव्हेन विद्यापीठाचं ग्रंथालय जाळलं. यातलं काहीच रचलेलं नव्हतं. पण ही हकीकत तटस्थ अमेरिकेच्या गळी उतरवायला लंडनमध्ये चार्ल्स मास्टरमन यांच्या हाताखाली एक गुप्त कचेरी उघडली, तीही वेलिंग्टन हाऊस या विमा आयोगाच्या इमारतीत. सप्टेंबरच्या सुरुवातीलाच कॉनन डॉयल, एच. जी. वेल्स यांच्यासारख्या लेखकांना बोलावणं गेलं. पुस्तकं काढायची सरकारने, वर नाव खासगी प्रकाशकाचं. अमेरिकेतल्या संपादक-प्राध्यापकांना ती टपालाने जात, सोबत कादंबरीकार गिल्बर्ट पार्कर यांचं आर्जवी पत्र. वाचणाऱ्याला वाटे, हा भला माणूस आपल्या हौसेने पाठवतोय. खरी मेख इथेच आहे.

टिळकांचे १९०८ मधले अग्रलेख काही कमी जहाल नव्हते. वाचकाला चेतवण्यासाठीच ते लिहिलेले. पण ‘केसरी’ कुणाचा आणि त्याला काय हवंय हे वाचक जाणून होता, सरकारही. म्हणून तर सहा वर्षांची शिक्षा झाली. समोरचा कोण हे ठाऊक असलं की त्याचं म्हणणं किती धरायचं, किती सोडायचं हे आपण ठरवतो. वेलिंग्टन हाऊसने अमेरिकन वाचकाची नेमकी तीच सोय काढून घेतली.

जर्मन पाणबुडीने ल्युसिटानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवल्यावर आठवडाभरात, मे १९१५ मध्ये, बेल्जियममधल्या जर्मन अत्याचारांच्या चौकशीसाठी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या ब्राइस समितीचा अहवाल आला. बाराशेच्या आसपास जबान्या, त्या शपथेवर नाहीत आणि साक्षीदारांची नावंही नाहीत. खऱ्या कत्तलींच्या जोडीला ऐकीव किस्सेही त्यात बसले. १९१७ मध्ये तर जर्मन लोक प्रेतांची चरबी काढतात अशी बातमी ब्रिटिश पेपरांत झळकली. १९२५ मध्ये परराष्ट्रमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी पार्लमेंटमध्ये तिला आधार नसल्याचं मान्य केलं.

पुढे दुसऱ्या महायुद्धात ज्यूंच्या संहाराच्या बातम्या बाहेर आल्या, तेव्हा लंडन-वॉशिंग्टनमधल्या अनेकांना ही चरबीची गोष्ट आठवली आणि त्यांनी त्या बातम्यांवर विश्वासच ठेवला नाही.