चोच बांधू नका!

आषाढातली उधाणाची सकाळ. देवबागच्या पुळणीवर पाचसहा पोरं कोंडाळं करून उभी होती. मधोमध बदकापेक्षा थोराड, पांढराशुभ्र पक्षी. पंखांच्या कडा आणि शेपूट काळी, डोळ्यांभोवती काळा मुखवटा. पिवळसर चोचीला सुंभाचे चार वेढे. "काका, तो चावता, म्हणान बांधलंव," एकजण म्हणाला.

हेतू चांगलाच होता, पण या पक्ष्याचा त्यात जीव जाऊ शकतो. कावळ्याच्या चोचीवर नाकपुड्या असतात. याच्या चोचीवर बाहेरून उघडं भोकच नसतं. श्वास घ्यायचा तो तोंडाच्या कोपऱ्यांतून. हा मुखवटावाला बूबी. (स्पॅनिशमधल्या 'बोबो' म्हणजे मूर्ख या शब्दावरून हे नाव आलं. माणसाला घाबरायचं न कळणाऱ्या पक्ष्याला खलाशांनी दिलेलं. माझ्या मते मूर्ख कोण, हा प्रश्न उरतोच.)

नाकपुड्या बंद असण्याचं कारण त्याच्या शिकारीत आहे. ३० मीटर उंचीवरूनही तो खाली झेपावतो आणि पाण्यात शिरायच्या क्षणी पंख मागे ओढून भाल्यासारखा होतो. त्या वेगात नाकात पाणी घुसलं तर? कातडीखालच्या हवेच्या पिशव्या आघात झेलतात. उडणारे मासे आणि माकूळ हे त्याचं जेवण.

एरवी तो खोल समुद्रातला. वीण एकाकी बेटांवर, जसं ओमानच्या किनाऱ्याजवळच्या. मादी बहुधा दोन अंडी घालते आणि नर-मादी दोघंही ती पायाच्या पडद्यांखाली उबवतात. पहिलं पिल्लू दुसऱ्याला घरट्याबाहेर ढकलतं. दुसरं अंडं म्हणजे पहिलं दगावलं तर हाताशी असलेला राखीव गडी.

पावसाळी वारा मात्र त्याला कोकणच्या किनाऱ्यावर आणून टाकतो. दमलेला, उपाशी. पाय मागे असल्याने सपाट वाळूवरून त्याला सहज झेपावता येत नाही, वाऱ्याच्या तोंडावर धाव घ्यावी लागते. पोरांना तो आजारी वाटला, तो बहुधा नुसता थकला होता. अशा पक्ष्याच्या तोंडात पाणी ओतू नये, मासा कोंबू नये. डोक्यावर पंचा टाकून भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवावं आणि वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवावं.

मी सुंभ सोडलं. चोचीच्या कडा करवतीसारख्या असतात, हे त्याने लगेच माझ्या मनगटावर दाखवून दिलं.