वित्तीय गुप्तवार्ता एकक : स्वायत्तता आणि सरकारातली जागा

वित्तीय गुप्तवार्ता एकक (फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट) म्हणजे बँका वगैरेंकडून संशयास्पद व्यवहारांचे रिपोर्ट घ्यायचे, त्यांचं विश्लेषण करायचं आणि दम असेल ते तपास यंत्रणांकडे पाठवायचं, हे काम करणारी देशपातळीवरची संस्था, बोलताना तिला सगळे एफआययूच म्हणतात.

पहिलं एकक कुठलं, हे एफआययू कशाला म्हणायचं त्यावर ठरतं. ऑस्ट्रेलियातली संस्था 1989 च्या सुमारास सुरू झाली, अमेरिकेतलं फिनसेन आणि फ्रान्सचं ट्रॅकफिन 1990 चं, पण व्याख्या तेव्हा नव्हतीच, 1995 मध्ये ब्रुसेल्सच्या एग्मॉन्ट-अरेनबर्ग राजवाड्यात जमलेल्या देशांच्या एग्मॉन्ट ग्रुपने (अशा एककांचा आंतरराष्ट्रीय गट) ती 1996 मध्ये मान्य केली. काम तेच होतं, म्हणून आधीच्या संस्थाही यात धरणं जास्त पटतं.

जागेवरून प्रशासकीय, पोलिसी, न्यायिक आणि मिश्र असे चार प्रकार करतात. इटलीचं एकक केंद्रीय बँकेत, ब्रिटनचं नॅशनल क्राइम एजन्सीत, भारताचं (स्थापना 2004) महसूल विभागात पण अर्थमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या इकॉनॉमिक इंटेलिजन्स कौन्सिलला रिपोर्ट करणारं, आणि जर्मनीने तर 2017 मध्ये ते पोलिसांकडून काढून कस्टम्सकडे दिलं. या विभागणीवरून पत्ता कळतो, स्वायत्तता कळत नाही. मनी लाँडरिंगविरोधी जागतिक निकष ठरवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या शिफारस 29 नुसार दुसऱ्या संस्थेच्या आत बसलं तरी चालतं, मात्र मुख्य काम तिच्यापेक्षा वेगळं हवं आणि कशाचं विश्लेषण करायचं, माहिती कुणाला द्यायची, हे एककाने स्वतः ठरवायला हवं.

खरी कसोटी फाइल कुणाच्या हातात आहे ही. नायजेरियाचं एकक ईएफसीसी या आर्थिक गुन्हे तपास संस्थेच्या आत होतं, गोपनीय माहिती नीट सांभाळली जात नाही आणि ईएफसीसीपासून वेगळेपणाला कायद्याचा स्पष्ट आधार नाही म्हणून एग्मॉन्टने जुलै 2017 मध्ये त्याला निलंबित केलं. हे योग्यच होतं, कारण दुसऱ्या देशाने विश्वासाने दिलेली माहिती परवानगीशिवाय तिसऱ्याच्या टेबलावर गेली तर पुढच्या वेळी कोण देणार? 2018 मध्ये स्वतंत्र कायदा झाला, मग निलंबन उठलं. व्हॅटिकनमध्ये ऑक्टोबर 2019 ला तिथल्याच पोलिसांनी एककाच्या ऑफिसात झडती घेऊन कागदपत्रं आणि कॉम्प्युटर उचलून नेले, नोव्हेंबरमध्ये एग्मॉन्टने एककांच्या आपसातल्या माहितीसाठीचं सुरक्षित नेटवर्क त्याच्यापुरतं बंद केलं आणि जप्त माहितीच्या वापराबद्दल तिथल्या सरकारी वकिलांशी लेखी समझोता झाल्यावर जानेवारी 2020 मध्ये परत जोडलं.